संख्या भरण्याबाबत

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहायचं असतं, हे मी दोघांना विचारून पक्कं करून घेतलं आहे.) आईचे गुडघे आहेत तसेच आहेत, माझं पित्त आहे तसंच आहे. मामींची पाठ कशी आहे? दोघी पोरी काय म्हणतात? तुमच्या कारखान्याने तीन महिने सुट्टी दिली आहे, असं तुम्ही आईला कळवलंत. कारखान्यांनाही उन्हाळ्याची सुट्टी असते हे मला ठाऊक नव्हतं. पण मी सातवीतच शाळा सोडली, त्यामुळे बऱ्याच गोष्टी शिकायच्या राहून गेल्या.

सुट्टीवरून आठवलं. शाळा बंद झाली की शाळेतलं दुपारचं जेवणही बंद होतं, म्हणून यंदा आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत मुलांना रोज दुपारी फुकट जेवण द्यायचं ठरलं. गाडीतून डबे येतात, वाढायला एक मावशी येतात, आणि बाकीचं सगळं, म्हणजे बाकं पुसणं, हात धुवायला लावणं, डोकी मोजणं, हे वाचनालयाचा शिपाई म्हणून माझ्या गळ्यात. अट एकच. आठ दिवसांत रोजची पंचवीस मुलं झाली नाहीत, तर गाडी दुसरीकडे वळणार.

मी पाटी रंगवली. 'मुलांसाठी मोफत जेवण. कोणासही मज्जाव नाही.' प्रत्येक शब्द तीनदा तपासला, एकही चूक नव्हती. पहिल्या दिवशी दोन मुलं आली, तीही हरवलेला चेंडू शोधायला. पन्नास जणांचा भात समोर ठेवून मी आणि मावशी बसून होतो. डोक्यावर 'शांतता राखा' ही माझीच जुनी पाटी होती, आणि तिचं इतकं काटेकोर पालन त्या खोलीत आजवर झालं नव्हतं.

मग घरोघर फिरलो. मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना तीन मुलं. मी म्हणालो, मुलांना पाठवा, फुकट आहे. बाईंनी मशीन न थांबवता सांगितलं की त्यांच्याकडे कशाला काही कमी नाही. मामा, शेगडीजवळ पातेलं पालथं घातलेलं होतं आणि धाकटा दोऱ्याचं रिकामं रीळ चोखत होता. पण चूक माझीच. मी नियमांचा कागद मोठ्याने वाचून दाखवला, आणि त्यात 'गरजू' हा शब्द चार वेळा होता (मी मोजला). चौथ्या वेळी दार लागलं. शेजारच्या हमालाने तर उलट मलाच बसवून चहा पाजला. साखर पलीकडच्या घरून मागून आणली, हे भिंतीतून ऐकू आलं. तो चहा मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो आणि कप स्वतः विसळून ठेवला.

पाचव्या दिवशी आकडा सात. मावशींनी डाव खाली ठेवला आणि म्हणाल्या, "बाळा, तू देणारा होऊन जातोस, म्हणून दार लागतं. मागणारा होऊन जा."

सहाव्या दिवशी दारोदार हात जोडले. पंचवीस डोकी भरली नाहीत तर वरचे लोक माझी मान धरतील, तुमची मुलं तेवढी तासभर उसनी द्या, उपकार होतील. मामा, माणसं काय चांगली असतात! शिवणवाल्या बाईंनी चक्क मशीन थांबवलं. "मग हे आधी सांगायचं नाही का रे? ने दोघा पोरांना. थोरली काज-बटणाला लागते, ती तेवढी राहू दे." हमालाने आपली दोन दिली, मेहुण्याची दोन दिली आणि वर मलाच धीर दिला.

आठव्या दिवशी तपासणीला साहेब आले. मी मोजलं, चोवीस. पुन्हा मोजलं, चोवीस. शिवणवाल्या बाईंची थोरली दारात उभी होती. ती बारा वर्षांची आहे. रोज भावांना सोडायला यायची, मी घरी जेवून आलेय म्हणायची, आणि त्यांचं होईपर्यंत भिंतीकडे बघत राहायची. मी तिच्यासमोर गेलो. या वेळी अडचण खरीच होती, सोंग करावं लागलं नाही. म्हटलं, "ताई, एक डोकं कमी पडतंय. बस ना गं."

तिने जरा विचार केला. "तुमच्यासाठी बसते हं," म्हणाली.

तिने चार वेळा भात घेतला. एकदाही मान वर केली नाही. साहेब पंचवीस लिहून गेले. मी मात्र मोरीत जाऊन स्वच्छच असलेला तांब्या बराच वेळ घासत होतो (पित्त उसळलं होतं).

आता रोज एकेचाळीस होतात. पाटी मी काढून टाकली. मामींना नमस्कार, पोरींना आशीर्वाद.

तुमचा भाचा

ता. क. मामा, एक अडचण आहे. संख्या कमी पडते आहे. दोघी पोरींना सुट्टीभर इकडे पाठवलंत तर माझी अब्रू राहील. अडला हरी म्हणतात ना, तसं झालंय. (पुढची म्हण लिहीत नाही, कारण तीत पुढे येणारा प्राणी म्हणजे तुम्ही नव्हे.)

दुसरा ता. क. मावशींना वाढायलाही हात कमी पडतो. मामींना जमेल का? वाढणाऱ्याने तिथेच जेवायचं असा नियम आहे. (कालपासून आहे.)

तिसरा ता. क. पत्र पुन्हा वाचताना दिसलं की वर एकेचाळीस लिहून बसलो आहे. खोडाखोड केलेलं पत्र मी आजवर कुणाला पाठवलेलं नाही, तेव्हा ती ओळ तुम्ही वाचलीच नाही असं समजा. पोरींना एवढंच सांगा, दादा अडलाय.