लंकेला जायच्या तारखा

७ जानेवारी, रविवार
दुपारी इराने लॅपटॉप थेट माझ्या मांडीवर ठेवला. "आजी, तू पण चल." म्हटलं कुठे, मॉलला? तर म्हणे श्रीलंकेला! ती, तिची आई आणि मी. श्री येणार नाही, मार्च तोंडावर आला की त्याच्या मंत्रालयात रजा मागणं म्हणजे शिवी दिल्यासारखं. बाप घरी, लेक-आई-आजी लंकेला. हसूच आलं.
इराला समुद्राखालची पोवळ्यांची रानं बघायची आहेत. मला वाटायचं पोवळं म्हणजे खडा. तर म्हणे नाही आजी, ते जिवंत असतं, त्यात रंगीत मासे राहतात. वैशालीला (सूनबाईला) जंगल हवं, हत्ती नि बिबटे. मला विचारलं तुला काय? मी म्हटलं पडकी शहरं. दोघी हसल्या. पण मला खरंच आवडतात. सरोजिनी नगरच्या क्वार्टरात होतो तेव्हा हे दर रविवारी डबा घेऊन आम्हाला कुठल्या ना कुठल्या मकबऱ्यात न्यायचे. दिल्लीत मकबऱ्यांना तोटा नाही. दगड गार लागतो, पोळी-भाजी खायची, छोटा श्री कबरीवर खेळण्यातली गाडी चालवायचा. ह्यांना काही वाटायचं नाही, म्हणायचे झोपलेल्या माणसाला पोराचा आवाज बरा वाटत असेल.
चौथी पास बाईला तीन तीन गोष्टी एका फेरीत. दिवसभर कामात लक्ष नाही. वरणात मीठ दोनदा.

९ जा., मंगळ.
तारखा ठरल्या. २४ फेब्रु. ते २ मार्च. इराला ऑफिसात एवढाच आठवडा मिळाला, तोही साहेबाच्या मागे लागून लागून. त्यानंतर नवा प्रोजेक्ट, मग वर्षभर नाव काढायचं नाही. "आजी, त्या आठवड्यात आपलं सण-बिण काही नाही ना?" मी म्हटलं काही नाही गं. पटकन म्हटलं. माझ्या मनात मासे होते.
संध्याकाळी तांदूळ निवडताना बोटं मोजली. पौषी पौर्णिमा पंचवीस जाने. म्हणजे माघी पौर्णिमा चोवीस फेब्रु. मग प्रतिपदा, द्वितीया, तृतीया. सत्तावीस तारीख, मंगळवार. माघ वद्य तृतीया. ह्यांची तिथी.
तांदूळ तसेच राहिले.
आठ वर्षांत पहिल्यांदा मला आधी आठवलं नाही. दिवाळी झाली की माझी मोजणी सुरू होते एरवी. उद्या सकाळी सांगायचं. इरा हिरमुसेल, पण सांगायचं.

१० जा.
सकाळी सांगितलं नाही. ती घाईत होती, कॅब खाली उभी. संध्याकाळी ती हसत आली, तिकिटं झाली म्हणे. चौदाव्या मजल्यावरून खाली बघत बसले. खाली माणसं मुंगीएवढी. मीही.

१३ जा., शनिवार
काय झालं ते नीट लिहिते.
दरवर्षी तिथी मीच सांगते. पुण्याहून वन्संकडून आपलं मराठी कॅलेंडर येतं, त्यात बघून. यंदा ते अजून आलेलं नाही. श्रीला वाटलं आईला कशाला त्रास, म्हणून स्वतःच सोसायटीच्या मंदिरात पंडितजींना विचारून आला. एवढा खूश! "आई, माघ कृष्ण तृतीया अठ्ठावीस जानेवारीला आहे. संडे! रजेची भानगडच नाही."
आता हे इकडचं पंचांग. इकडच्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणून वद्य पक्षात इकडचे लोक एक महिना पुढे असतात. इकडे माघ लागतो तेव्हा आपला पौषच चालू. मला हे लग्न होऊन दिल्लीत आले त्याच वर्षी कळलं, शेजारणीची जन्माष्टमी भाद्रपदात नि माझी श्रावणात, आणि दिवस एकच. श्री इथेच वाढला. त्याला कुठून ठाऊक.
तो माझ्या तोंडाकडे बघत होता, शाबासकी मिळेल म्हणून. पन्नास वर्षांचा आहे, तरी.
मी म्हटलं, "बरं झालं बाई, रविवार आला."
एवढंच म्हटलं. खोटं नाही. रविवार होताच.

२० जा.
इरा, वै. नि मी सरोजिनी नगरच्या मार्केटात. मेट्रोने. मला एक सुती पँट घेतली, आयुष्यातली पहिली. ट्रायल रूम कुठली तिथे, साडीवरूनच लावून बघितली. दुकानदार म्हणतो, "माताजी, बिल्कुल हिरोईन!" वै. म्हणाली, "आई, बाबा असते तर म्हणाले असते, ही कोण बाई आपल्या घरात?" हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. त्या दोघींना वाटलं हसूनच.
क्वार्टर होतं तिथे पत्रे ठोकलेत, आत क्रेन. आमचं न्हाणीघर कुठे असेल त्याचा अंदाज केला.
हे दर सरकारी प्रवास-सवलतीला, एल.टी.सी.ला, म्हणायचे, पुढच्या वेळी समुद्र. आणि दर वेळी गाव. सासूबाई होत्या, शेत होतं, ते तरी काय करतील. मी कधी कुरकुर केली नाही. केली असती तर आज बरं वाटलं असतं का? कोण जाणे.

२८ जा., रविवार
केलं. पंडितजी अर्ध्या तासात उरकून गेले. आमटी, वडे, खीर, गवारीची भाजी, ह्यांच्या आवडीची चटणी. हात आपोआप चालतात. मनात म्हणत होते, आज त्यांना बोलावणंच गेलेलं नाही, पान कोणासाठी वाढतेय मी.
पंडितजी गेल्यावर श्री उठेना. फोटोसमोर बसून राहिला. मग बोलायला लागला, मोठ्याने, मी दारात उभी. "बाबा, त्या दिवशी मी फाइल घेऊन ऑफिसला गेलो. दोन तासांत येतो म्हणालो. तुम्ही वाट बघितलीत ना?" आठ वर्षांत ह्या गोष्टीचं नाव त्याने काढलं नव्हतं. हे गेले तेव्हा हॉस्पिटलात मी होते, तो नव्हता. मी कधी विचारलंही नाही. त्याच्या मनात हे असं बसलंय हे मला, त्याच्या आईला, माहीत नव्हतं.
नंतर दोन वाट्या खीर प्याला. म्हणाला, "हलकं वाटतंय गं आई."
आता कसं सांगू?
संध्याकाळी बाजूच्या मिसेस त्यागी आल्या. मेरठच्या. उद्या त्यांचा सकटचा उपास, माघातली चौथ. "भाभीजी, सुना है रावण के घर जा रही हो? सोना मिले तो मेरे लिए भी लाना!" खूप हसल्या. मीही हसले. माघातली चौथ. आपली पौषातली. त्यांच्या एकाही शब्दात चूक नाही, माझ्या गप्प बसण्यात सगळी.

५ फेब्रु.
वन्संच्या मुलाने कॅलेंडर आणून दिलं, ऑफिसच्या कामाला आला होता. घरात मी एकटीच. फेब्रुवारीचं पान काढलं. सत्तावीस: माघ कृष्ण ३. छापलेलंच होतं, मोजायची गरज नव्हती. गुंडाळी करून माझ्या कपाटात जुन्या साड्यांखाली ठेवलं. वै.ने विचारलं, यंदा कॅलेंडर नाही आलं? म्हटलं येईल.
हे मात्र सरळ खोटं.

११ फेब्रु., रविवार
इराने कागद छापून फ्रिजवर लावला. कोणत्या दिवशी काय. आधी समुद्र, मग हत्तींचं जंगल, शेवटी अनुराधापूर. तिथे दोन हजार वर्षांची शहरं पडलीयेत म्हणे, राजाच्या महालाच्या पायऱ्या अजून आहेत. पायरीशी अर्धचंद्रासारखा कोरलेला दगड, हत्ती-घोडे-हंस त्यावर. फोटो बघितला. पायऱ्या आहेत, वर घर नाही.
मला पोहता येत नाही, म्हणून माझ्यासाठी काचेच्या तळाची होडी. वरून वाकून बघायचं, पायाखाली मासे. किती तारखेला? २७ला, दुपारी बाराला. नेमकं पान वाढायच्या वेळेला.
तरी रोज फ्रिज उघडताना तो कागद वाचते. आनंद होतो. होतो म्हणून लाज वाटते. आणि थोड्या वेळाने परत फ्रिज उघडते, कशाला उघडला ते आठवत नाही.

१४ फेब्रु.
आपल्या जुन्या गुरुजींना फोन केला. ते आता मुलाकडे नाशिकला. म्हटलं, ओळखीत एक बाई आहे, तिच्या घरी तिथी चुकून दुसऱ्याच दिवशी झाली, तर? म्हणाले, "चुकली असेल तर अमावास्येला करा, शास्त्राने सोय ठेवली आहे." मला एवढं बरं वाटलं! मग म्हटलं, आणि तिला माहीत असेल तर? "काकू, चुकली तर उपाय आहे. चुकवली तर त्या बाईने घरच्यांशी बोलावं, माझ्याशी नको." तब्येत विचारली, फोन ठेवला. त्यांना कळलं असणार. चाळीस वर्षांची ओळख आहे.
हे कुठल्या तिथीला रुसणारे नव्हते. कबरीजवळ पोळी खाणारा माणूस. ह्यांचं मला भय नाहीच. श्रीचं आहे.

२० फेब्रु., मंगळ.
सांगितलं.
वै. नि इरा खाली फिरायला गेल्या होत्या. श्री चहा घेत होता. कॅलेंडर आणून पुढे ठेवलं, बोट ठेवलं. त्याला आधी कळेना. मग पंचांगाचं समजावलं, पौर्णिमा-अमावास्या. म्हणाला, "अरे यार! माझीच चूक. सॉरी आई." माझी सुटका तिथेच होत होती. गप्प बसले असते तर सुटले असते.
म्हटलं, "मला तेव्हाच माहीत होतं."
"तेव्हा म्हणजे?"
"तू मंदिरातून आलास तेव्हा."
कप खाली ठेवला. म्हणाला, "मग त्या दिवशी मी कोणाशी बोललो?"
मी म्हटलं अरे, बाबांना काय वारांचं पडलंय, ऐकलं असेल त्यांनी. तो म्हणाला, "ते तू म्हणू नकोस."
बरोबर आहे. मी कशी म्हणू.

२१ फेब्रु.
बोलत नाही. म्हणजे बोलतो, मीठ दे, दार लाव. वै.ला वाटतं ऑफिसचं टेन्शन.
मी म्हटलं, मी जात नाही, राहते. तो फोनमध्येच बघत म्हणाला, "मग इराला कारण काय सांगणार? ते पण खोटंच?"

२२ फेब्रु.
सकाळी दाढी करता करता, आरशातूनच: "सत्तावीसची अर्धी रजा टाकलीय. मी करीन." म्हटलं स्वयंपाक? वड्यांचं पीठ मी करून ठेवते, आमटीचं फोनवर सांगते. "नको. मला येतं." त्याला काही येत नाही. कुकर लावता येतो फक्त. पण काय म्हणू?
वै.ला त्याने सांगितलं वाटतं. दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. मटार सोलू लागली माझ्यातले. मग एकदम म्हणाली, "आई, मला बाबांनी काढलेला तुमचा समुद्रावरचा एक तरी फोटो दाखवा, कधीचा." नाहीच आहे. तिलाही ते माहीत आहे. तिने मला माझी बाजू मांडायला जागा करून दिली. मांडली नाही मी.

२४ फेब्रु., शनिवार
एअरपोर्टवर बसून लिहितेय. विमानाला अवकाश आहे. इरा कॉफी आणायला गेलीय, वै. डुलकी घेतेय.
निघताना सगळं नेहमीसारखं. मिसेस त्यागींनी दही-साखर दिली. श्री गाडी चालवत आला, सगळा रस्ता रेडिओ. इरा बडबडत होती, बाबा तू पण चल ना यार, एक दिवस तरी. तो हसला. माझ्याकडे बघून नाही, तिच्याकडे.
गेटपाशी इराला मिठी मारली, वै.ला औषधांची पिशवी दिली. मग माझ्यासमोर उभा. एरवी मी गावाला जरी निघाले तरी वाकून नमस्कार करतो, बापाची शिकवण. आज उभाच. मागे गाड्यांचे हॉर्न, शिपाई ओरडतोय आगे बढ़ो, आगे बढ़ो. मी म्हटलं, "श्री, मंगळवारी बाराला मी..." होडीत बसून मनात पान वाढीन म्हणणार होते, ते तोंडातून निघेना.
तेवढ्यात तो वाकला. माझ्या नव्या बुटाचा पट्टा सुटला होता, तो दाबून बसवला. वर उठताना हात पायाला लागला की नुसता पट्ट्यालाच, मला कळलं नाही. विचारायच्या आत गाडीत बसला होता.
इरा येतेय. तिघींसाठी तीन कप घेऊन, सांडत.