आबांचं नाव कुठल्या रकान्यात

१३ जाने., सोम. जळगाव

दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितेय. आबांच्या डाव्या मनगटाला प्लॅस्टर, भुवईवर चार टाके. चष्म्याची एक काच गेली. वडिलांचं वय अठ्ठ्याहत्तर. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण वेळ घेईल.

काल दुपारचं हैदराबाद–जळगाव विमान. विजूकडून (माझा भाऊ) परत येत होतो. आबांचा पहिलाच विमानप्रवास, जातानाचा धरला तर दुसरा. मी मागे बाथरूमला गेले होते. बाहेर आरडाओरडा ऐकू आला. दार उघडते तर आबा दोन रांगांच्या मधल्या वाटेत पडलेले, कपाळावरून रक्त. ७सी वरचा माणूस उभा, तोंडाचा वास माझ्यापर्यंत. हवाईसुंदरी मध्ये हात आडवे करून उभी. लहानशी पोरगी, छातीवरच्या पट्टीवर नाव प्राची.

८डी वरचे शेठजी मला म्हणाले, "ताई, त्याने ढकललं. मी बघितलं." नंबर दिला. जळगावात भांड्यांचं दुकान आहे त्यांचं.

खाली उतरल्यावर त्या माणसाला सुरक्षावाल्यांनी बाजूला घेतलं. पंधरा-वीस मिनिटांत तो पांढऱ्या गाडीत बसून निघूनही गेला. इतक्या लवकर?

आणखी एक. व्हीलचेअर आणली तेव्हा विमान कंपनीच्या (पुढे वि. कं. लिहीन) माणसाने एका कागदावर माझी सही घेतली. इंग्रजी, बारीक अक्षर. न वाचता केली. सव्वीस वर्षं सरकारी कचेरीत नकला काढतेय, लोकांना सांगते वाचून सही करा. आणि मी.


१४ जाने., मंगळ. धुळे

घरी. तिळगूळ शेजारणीने दिला. आबा एका हाताने खातात, सदरा घालायला मी लागते. त्यांना ते आवडत नाही.

विचारलं, काय झालं होतं नक्की? "काही नही व्हयनं. पडनू." एवढंच. माझ्याशी ते अहिराणीतच बोलतात, पण एरवी खूप बोलतात. एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर. शिंदखेड्याच्या गाडीतला एक-एक दारुडा त्यांना नावानिशी आठवतो.

विजूचा फोन. "ताई, विषय वाढवू नको." का? तर म्हणे आबांना त्रास होईल. वि. कं.चा फोन त्याला आला होता, तिकिटं त्याच्या नंबरवरून काढलेली. काय बोलले? "काळजीने विचारत होते." दोन दिवस मला का नाही सांगितलं?


१७ जाने., शुक्र.

वि. कं.ला मेल केला. तीन प्रश्न. प्यायलेल्या माणसाला विमानात चढू कसं दिलं? क्रूचा रिपोर्ट कुठे? माझ्या सहीच्या कागदाची प्रत द्या. दवाखान्याचे कागद जोडले. सरकारी पोर्टलवरही तक्रार टाकली.

चाळीस मिनिटांत उत्तर. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, पुढच्या प्रवासासाठी व्हाउचर देत आहोत. गैरसोय! एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. व्हाउचर स्वीकारलं तर तक्रार मिटली असं खाली कुठेतरी असणारच. शोधलं. आहे.


२० जाने., सोम.

संध्याकाळी ऑफिसातून आले तर ओट्यावर अनोळखी चपला. आत आबा एका माणसाला चहा पाजतायत. टेबलावर केळ्यांचा मोठा घड. तो ७सी वाल्याचा मेव्हणा.

"ताई, आमचे दाजी वाईट माणूस नाहीत. त्या दिवशी जरा जास्त झाली. दवाखान्याचं काय असेल ते आम्ही बघतो. दोघांचंही थोडं थोडं चुकलं."

मी म्हटलं, दोघांचं म्हणजे?

तो आबांकडे बघून हसला. आबा बशीत बघत होते.

पत्ता कुठून मिळाला विचारलं तर म्हणे धुळं काय मोठं आहे. आमच्या एकट्या देवपुरात हजार घरं असतील आमच्यासारखी. विजूने दिला? वि. कं.ने? केळी परत ने म्हटलं, नेली नाहीत. मी शेजारणीकडे देऊन टाकली.

आबांना ओरडले, घरात घेतलंत कशाला. "घरमां येल माणूस शे. पानी नही इचारनं का?"


२३ जाने., गुरु.

वि. कं.चं पत्र आलं. मेलवर, नंतर पोस्टानेही येईल म्हणतात. दोनदा वाचलं, मग ऑफिसातल्या पोराकडून नीट मराठी करून घेतलं.

'७सी व ७डी या आसनांवरील दोन पुरुष प्रवाशांमध्ये हाणामारी झाली. दोघांविरुद्ध अंतर्गत समितीपुढे चौकशी.' आबांचं नाव त्या दारुड्याच्या नावाखाली, त्याच रकान्यात. बेशिस्त प्रवासी. दोष ठरला तर विमानबंदी. सोबत माझ्या सहीचा कागद: 'आमच्या प्रवाशाच्या वादातून दुखापत झाली, क्रूबद्दल तक्रार नाही.'



म्हणजे हे आधीपासून ठरलेलं. म्हणूनच सही. म्हणूनच विजूला फोन. म्हणूनच मेव्हण्याचं 'दोघांचं'.

आबांना वाचून दाखवलं. आधी हसले. "आते माले कोठे उडनं शे?" मग म्हणाले, पुन्हा वाच. रकान्याचं परत वाचायला लावलं. रात्री जेवले नाहीत, पोट भरलंय म्हणे.


२५ जाने., शनि.

आबा डेपोत गेले होते, निवृत्त मंडळी बसतात तिथे. अर्ध्या तासात परत. कोणीतरी म्हटलं असणार काहीतरी. विचारलं नाही.

चौतीस वर्षांत एक मेमो नाही त्यांना. हे त्यांनी मला कधी सांगितलेलं नाही. आईने सांगितलं होतं.

विजूशी भांडण. सरळ विचारलं, पत्ता तू दिलास? मग: "हो. तो माणूस माफी मागायला येतो म्हणाला. मला वाटलं, मिटेल." बरं, आणि वि. कं.ला काय सांगितलंस? "आबा तापट आहेत एवढं म्हटलं गं. सहज."

सहज.


२९ जाने., बुध. जळगाव

अर्धी रजा टाकून शेठजींच्या दुकानात. स्टीलच्या डब्यांच्या उतरंडीमागे बसलेले. ओळखलं, स्टूल दिलं, पाणी मागवलं. मी लेखी द्या म्हटल्यावर सूर बदलला.

"ताई, मी तर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होतो."

तुम्हीच म्हणालात ना, त्याने ढकललं?

"ढकललं. ते बघितलं. त्याच्या आधीचं..." गिऱ्हाईक आलं, त्याला कुकर दाखवत बसले. मी उठले नाही. गिऱ्हाईक गेलं. "विमानवाल्यांनी मला पण विचारलं. जेवढं बघितलं तेवढं सांगितलं. आमचाही धंदा याच गावात आहे."

७सी वाला इथलाच बांधकामवाला, मेव्हण्यानेच सांगितलं होतं. याच्याकडून किती भांडी घेत असेल! असं मनात आलं, आणि उतरताना पायरीवर शेठजी मागून म्हणाले, "आबांना विचारलं का तुम्ही?"

परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत तेच डोक्यात. शेठजी विकला गेला, की मला काहीतरी सुचवत होता?


१ फेब्रु., शनि.

वकील सोनवणेबाई. ग्राहक आयोगात दावा टाकता येईल म्हणतात. "मुख्य मुद्दा एकच. प्यायलेला माणूस चढू दिला. बाकी त्यांनी सगळा धुरळा उडवलाय." बरं वाटलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

मग पेन ठेवून: "आधी हात कोणी उचलला?"

त्याने.

"तुम्ही बघितलं?"

मी बाथरूममध्ये होते हे त्यांना सांगितलं. सांगायला वेळ लागला.


२ फेब्रु., रवि.

आबांना दाढी करून देत होते. एका हाताने जमत नाही त्यांना. वस्तरा गालावर असताना विचारलं म्हणजे उठून जाता येणार नाही. हा माझा डाव. लाज वाटते लिहायला.

जसं बोलले तसं लिहिते.

"त्यानी त्या पोरना हात धरेल व्हता. मनगट. ती सांगे, सर प्लीज, सर प्लीज. बठ्ठा (सगळे) देखी राह्यंतात. कोणी उठनं नही. मी सांगं त्याले, भाऊ, हात सोड. सोडा नही. मंग मी कॉलर धरी. एक थापड दिन्ही. तव्हय त्यानी पोरना हात सोडा. मंग माले ढकलं."

मी वस्तरा खाली ठेवला. म्हणजे तुम्ही आधी मारलं.

"हा."

मग इतके दिवस बोलला का नाहीत?

"तू माले इचारंच कव्हय? तू लिखत बसनी." खरं आहे. पहिल्या दिवशी विचारलं, नंतर मी सगळ्या जगाला विचारत फिरले.

थोड्या वेळाने साबण वाळत आलेला तसाच ठेवून म्हणाले, "बसमां ऱ्हातं ते बेल मारतू, गाडी थांबाडतू, उतारी देतू. तठे कोठे उतारू त्याले?"


४ फेब्रु., मंगळ.

तीन आठवडे मी ज्याला त्याला खोटारडा म्हणत होते आणि खोटं माझ्या पोर्टलवरच्या अर्जातच आहे. 'माझ्या वडिलांनी कोणालाही स्पर्श केला नाही.' मी लिहिलंय. कोणी सांगितलं होतं मला?

पण वि. कं.च्या पत्रात पोरीचं मनगट कुठेही नाही. ते का गाळलं? दारुड्याने क्रूला हात लावला हे लिहिलं तर त्याला चढू कोणी दिलं हे विचारावं लागेल. दोन प्रवासी भांडले म्हटलं की कंपनी मोकळी. कागदातून ओळ काढली की माणूस बदलतो, हे मला कोणी शिकवायला नको.

की आबाच आता हे रचून सांगतायत? एक क्षण तेही मनात आलं. लिहून ठेवते, आलं म्हणून.


६ फेब्रु., गुरु.

दुपारी ऑफिसात अनोळखी नंबर. मुलीचा आवाज, थोडं हिंदी थोडं मराठी. "मैं प्राची बोल रही हूँ. अंकल कसे आहेत?"

पहिला विचार: सापळा. रेकॉर्ड करतायत. मी म्हटलं, नंबर कोणी दिला? "तुमच्या कम्प्लेंटवर होता, मॅम. मी फोन करायला नको होता."

तू तीच कशावरून? आबा तुला काय म्हणाले होते त्या वेळी?

"पडल्यावर ना? मी रडत होते. ते खालूनच म्हणाले... 'बस माय, मी शे'. अर्थ नाही कळला मला. पण कळला."

मग घाईने: "मी जो रिपोर्ट लिहिला होता तो वेगळा होता, मॅम. त्यात माझा हात पकडल्याचं होतं. तुम्हाला आला तो मी लिहिलेला नाही." लेखी देशील? "माझं घर माझ्या पगारावर आहे." फोन कट.

आबांना घरी येऊन विचारलं, तिला काय म्हणालात? आठवत नाही म्हणाले. खरंच आठवत नव्हतं, चेहऱ्यावरून दिसलं.

तिचा नंबर संध्याकाळपासून बंद.


७ फेब्रु., शुक्र.

सोनवणेबाईंना सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं, थापडीचं आपण होऊन लिहायची गरज नाही. कोणी साक्ष दिलेली नाही, शेठजीही देणार नाही. "विचारलं तर बघू."

घरी आबांच्या जबाबाचे दोन मसुदे समोर ठेवले. एकात थापड, एकात नाही. आबांनी दोन्ही वाचून घेतले माझ्याकडून.

"लिखी टाक."

त्याचा फायदा वि. कं.ला होईल, आबा. दावा बुडेल.

"मंग तू पोरना हात कसा लिखशी? थापड काढी ते हातबी खोटा वाटी."

लिहिलं. त्यांनी उजव्या हाताने सही केली, नेहमीची, रेघ ओढून. जुना अर्ज दुरुस्त करून पाठवला. विजूला प्रत पाठवली. त्याचा मेसेज: 'आबांनी मारलं??' थोड्या वेळाने: 'बरं केलं.' हे कोणाला म्हणाला, कळलं नाही.


१० फेब्रु., सोम.

समितीची सुनावणी, व्हिडिओवर. मोबाईल पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवला. आबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, प्लॅस्टरवरून बाही उसवून दिली मी.

पडद्यावर पाच चौकोन. एक आमचा. समितीचे तिघे. पाचवा काळा, कॅमेरा बंद, नावाच्या जागी नुसतं 'क्रू'.

मधल्या साहेबांनी हिंदीत विचारलं, आपण त्या प्रवाशाला मारलं का? मी आवाज बंद करायला हात पुढे केला. आबा त्याआधीच म्हणाले, "हां. एक थापड."

तिघांनी खाली बघून लिहिलं.

"क्यों?"

आबांनी सांगितलं. त्यांच्या हिंदीत, अर्धी अहिराणी मिसळून. मनगटाचं. सर प्लीज, सर प्लीज. कोणी उठलं नाही.

साहेब म्हणाले, ऐसा कोई रिकॉर्ड हमारे पास नहीं है. बाजूच्या बाईंनी काहीतरी चाळलं. मी विचारलं, क्रूचा मूळ रिपोर्ट मागवला का? "वो इंटर्नल डॉक्युमेंट है." बंद करायची भाषा सुरू झाली, निर्णय कळवू वगैरे.

तेवढ्यात काळ्या चौकोनाच्या कोपऱ्यातलं माईकचं चिन्ह हिरवं झालं. "सर—" एवढाच आवाज. मुलीचा. मग पडदा पांढरा. सभा संपली असं लिहून आलं.

वेळ बघितली. ११.४२.

मी आबांना विचारलं, तिचाच आवाज ना?

"तिनाच शे."

मला खात्री नाही. एका शब्दावरून कशी असेल. नेटचा दोष असेल, दुसरीच कोणी असेल, सभा संपवतानाच माईक चुकून दाबला गेला असेल. की ती बोलायला लागली म्हणूनच संपवली?

आबा अजून त्या मोबाईलसमोरच बसलेत. सदरा बदलत नाहीत. पुन्हा लागेल म्हणतात.

रेकॉर्डिंगची प्रत मागायची. आजच, लेखी. वेळ टाकून.