एकट्या उंदराची सोबत

आय, मी घरात उंदीर पाळलाय. आता तू कपाळावर हात मारून घेशील. भाताच्या कणगीला लागलेले उंदीर तू तारेच्या पिंजऱ्यात धरायचीस आणि पिंजऱ्यासकट मागच्या पिंपात बुडवायचीस. एकदा दोन सापडले. पाणी चढतंय आणि ते दोघे एकमेकांना चिकटून वरच्या कोपऱ्यात बसलेत, मी पिंपाला धरून रडतोय. तू पिंजरा वर घेशील असं वाटलं होतं. नाही घेतलास. "एकमेकाना धरून गेली, बरा झाला. रडाचा नाय, बाला," म्हणालीस आणि भाकऱ्या थापायला गेलीस.

हे पांढरे उंदीर तुझ्या नातीने सीवूड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये आणले. "पप्पा, टेन्शन घेऊ नका, हे गटारातले नाहीत. एकटा ठेवायचा नसतो, म्हणून दोन." मग ती नोकरीसाठी बंगळुरूला गेली. तुझ्यामागे तुझी सूनही त्याच्या आधीच वारली, हे तुला सांगायचं राहिलंच. तिच्याबद्दल लिहायला बसलो की हात चालत नाही, म्हणून उंदरांचंच लिहितो. गणपतीनंतर त्यातला एक मेला. दुसऱ्याने त्याला चाटून चाटून ओला केला होता.

राहिलेला काही खाईना. स्वतःच्या पायांवरचे केस उपटायला लागला. नेरूळला डॉक्टरकडे नेला. "अंकल, रॅटला रॅटच लागतो," तो म्हणाला. "अंग चाटायला, अंगावर अंग टाकून झोपायला. तुम्ही कितीही लाड करा, माणूस चालत नाय. दुसरा आणा, नायतर हा असाच झुरून जाईल." मला रागच आला. माणूस चालत नाय म्हणजे काय! त्या दिवशी मी ताट घेऊन पिंजऱ्याशेजारी बसलो. कोणी उशिरा जेवायला बसलं की तुझं जेवण झालेलं असलं तरी तू समोर येऊन बसायचीस, एकट्याने खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणायचीस. मी घास घेतला तसा तो पुढे आला आणि माझ्या बोटावरची शितं खाल्ली. तेव्हापासून माझ्याबरोबर दोन घास खातो. केस मात्र उपटतोच, पाठ उघडी पडलीय, हाडं हाताला लागतात. पण संध्याकाळी कुलपात किल्ली फिरली की पिंजऱ्याच्या दाराशी येऊन उभा राहतो. या घरात माझ्यासाठी दुसरं कोणी उभं राहत नाही, आय.

पोरगी रोज फोनवर विचारते, "दुसरा आणला का?" दुकानात मिळत नाहीत, असं मी तिला सांगितलंय. मिळतात. काचेच्या पेटीत एकमेकांच्या अंगावर पडून झोपलेले असतात, मी जाऊन बघून येतो. दुसरा आला तर हा त्याला बिलगून झोपेल, केस येतील, कदाचित जगेलही. फक्त मग किल्ली वाजल्यावर तो दाराशी येणार नाही. म्हणून मी आणत नाही.