आईचे अडीच किलो

कमलेश,

तीन तारखेला दवाखान्यात आईचे वजन अडुसष्ट किलो भरले; अकरा तारखेला तुझ्या राइस मिलच्या काट्यावर साडेपासष्ट.

तू त्याचे श्रेय सफरचंदाच्या व्हिनेगरला दिलेस आणि आईने मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या. "आता गोळ्या कायले खाऊ वो पोरी?" असे ती मला हसून म्हणाली. मला हसू आले नाही. मधुमेहात वजन असे झपाट्याने उतरले, तर आधी आजाराची शंका घ्यावी लागते. म्हणून काल तिला भंडाऱ्याला नेऊन सगळ्या तपासण्या करून घेतल्या. नवा आजार कोणताही नाही आणि वजन अडुसष्टच आहे. रात्री मला शांत झोप लागली.

येताना मी तुझ्या काट्यावर स्वतः उभी राहिले. व्हिनेगरचा थेंबही न पिता मीही अडीच किलोंनी घटले, तेव्हा तुमचा हमाल म्हणाला, "ताई, तुमी का धानाचं पोतं हाव?"

मी परीक्षेच्या कामासाठी कॉलेजात जात आहे. आईला जेवणापूर्वी गोळी दे. डॉक्टरांनी आजपासून पुन्हा सुरू करायला सांगितले आहे. व्हिनेगर पाजून तूच आईला आजारी पाडलेस, असे तुला बोलले, ते मागे घेते.

ओल्या धानातल्या पाण्यापोटी तुमचा काटा प्रत्येक वजनातून अडीच किलो आधीच वजा करून दाखवतो.

रक्षाताई