नऊ नामांकने आणि सात प्रेक्षक

मुलुंड (पूर्व), गुरुवार, दुपारचे जेवण झाल्यावर

तीर्थस्वरूप नंदकुमारदादा यांच्या चरणी कनिष्ठ चुलतबंधू देवव्रत याचा, गुडघा अनुमती देईल तितका वाकून, नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असेल असे गृहीत धरतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडल्याचे वहिनींकडून समजले. (शस्त्रक्रिया उजव्या डोळ्याची की डाव्या, याविषयी त्यांच्या दोन दूरध्वनींत दोन मते व्यक्त झाली. तेव्हा दोन्ही नेत्रांचे अभिनंदन.) बोरिवलीच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्षपद आपल्याकडे तिसऱ्यांदा बिनविरोध आले, हेही कळले. एक प्रतिस्पर्धी मुलाकडे अमेरिकेत आणि दुसरा कवळीच्या मापात गुंतलेला असला, तरी त्यामुळे विजयाचे तेज यत्किंचितही उणावत नाही. इकडे आम्ही सर्व क्षेम आहोत. वसुधेची कंबर बरी आहे आणि वाणी तर कधीच आजारी नव्हती. मी स्वतः निवृत्तीस सव्वा वर्ष उरलेल्या शासकीय सांख्यिकी अधिकाऱ्याने असावे तितपतच आहे. म्हणजे बसलो की उठवत नाही आणि उठलो की कशासाठी उठलो ते आठवत नाही.

आपली पुतणी चि. रेवती हिने चार वर्षे खपून ‘खाजणातले तीन दिवस’ नामक मराठी चित्रपट सिद्ध केला, हे आपणांस विदित आहेच. माहुलच्या कोळीवाड्यातला एक वृद्ध मच्छीमार होडीच्या यंत्राचा एक सुटा भाग येण्याची तीन दिवस वाट पाहतो, असे त्याचे कथानक ती सांगते. (भाग शेवटी येतो का, असे मी विचारले असता, “बाबा, तो मुद्दाच नाहीये,” असे उत्तर मिळाले. तेव्हापासून मी कथानकाविषयी विचारत नाही.) या चित्रपटाला एका प्रतिष्ठित पुरस्कारासाठी नऊ नामांकने मिळाली. दिग्दर्शन, छायांकन, ध्वनी, संकलन, आणि आणखी अशा पाच गोष्टी, ज्या चित्रपटात असतात हे मला नामांकनांमुळेच समजले. त्या सायंकाळी वसुधेने शेवयांची खीर केली, सोसायटीच्या फलकावर खडूने अभिनंदन झळकले, आणि मी, दादा, मोठ्या भाबडेपणाने असे समजलो की आता लोक चित्रपट पाहण्यास येतील.

लोकांनी अभिनंदन केले. अभिनंदनाच्या बाबतीत आपला समाज अत्यंत उदार आहे. तिसऱ्या मजल्यावरचा हर्षद जिन्यात भेटून म्हणाला, “काका, ट्रेलर बघितला. खूप डीप आहे यार! ओटीटीवर आला की नक्की बघणार, प्रॉमिस.” समोरच्या विमलाताईंनी रेवतीच्या डोक्यावरून हात फिरवला, बोटे मोडली आणि “एवढं मोठं नाव काढलंस गं! पास आहेत ना?” अशी पृच्छा केली. पास दिले. त्या दिवशी त्यांच्याकडे भिशी निघाली. एकंदरीत नामांकन हा असा सन्मान आहे की ज्यामुळे चित्रपट न पाहताही तो चांगला असल्याची प्रत्येकाची खात्री पटते, आणि एकदा खात्री पटली की पाहण्याचे प्रयोजनच उरत नाही.

आमच्या स्थानकाजवळच्या दोन पडद्यांच्या चित्रपटगृहात शुक्रवारपासून सायंकाळी साडेसहाचा खेळ मिळाला. आसने एकशे ऐंशी. मी प्रत्यही दारापाशी उभा राहून शिरगणती केली. शुक्रवारी एकोणीस, शनिवारी एकतीस, रविवारी चव्वेचाळीस (पैकी सहा जण शेजारच्या पडद्यावरील मारधाडीच्या चित्रपटाचे तिकीट न मिळाल्यामुळे आलेले, आणि त्यांतले चार मध्यंतरात परत गेलेले). सोमवारी सात. या सातांत माझा साडू, त्याची पत्नी आणि वातानुकूलनासाठी आलेले दोन औषधविक्रेते समाविष्ट आहेत. रविवारी रात्री जेवताना रेवती एवढेच म्हणाली होती, “बाबा, पुरस्कार नको मिळू दे. मला एक रविवार हॉल भरलेला बघायचाय. एकच.” मुलगी काही मागत नाही, दादा. दहावीनंतर तिने मागितलेली ही पहिलीच वस्तू, आणि तीही बाजारात न मिळणारी.

म्हणून मी सोमवारी चित्रपटगृहाचे व्यवस्थापक श्री. दशरथ यांना भेटलो. गृहस्थ सालस आहेत. म्हणाले, “साहेब, माझा काय राग नाय पिक्चरवर. पन मालकाला सांगू काय? सात डोकी! काहीतरी दाखवा ना मला, लिहून द्या, की असले पिक्चर दुसऱ्या आठवड्यात उचलतात म्हणून. मी ठेवतो साडेसहाचा.” दादा, “लिहून द्या” हे तीन शब्दांचे... क्षमस्व, दोनच शब्द आहेत. पण एकतीस वर्षे अहवालच लिहिलेल्या मनुष्याला ते उच्चारू नयेत. माझ्या अंगात संचारले. मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

गेल्या दशकातील नामांकनप्राप्त मराठी चित्रपटांचे आमच्या उपनगरातील तिकीटखिडकीवर काय झाले, हा विषय आजवर कोणी शास्त्रशुद्ध रीतीने हाताळलेला नाही. (का हाताळला नाही, ते मला आता समजते.) वृत्तपत्रांतील कात्रणे रेवतीच्या हौसेपायी वसुधेने जपून ठेवली होती. जुन्या खेळांचे आकडे स्वतः दशरथरावांनी त्यांच्या वह्यांतून काढून दिले. त्रेसष्ट चित्रपट निघाले. मी त्यांचे ग्रामीण वेदना, नागर वेदना आणि बालकलाकारासहित वेदना असे तीन वर्ग पाडले, तक्ते आखले, आलेख काढला. आणि आलेख, दादा, डोंगरावरून दगड सोडावा तसा खाली आला. नामांकने जितकी अधिक, प्रेक्षक तितके न्यून. एका नामांकनाचे चित्रपट सरासरी तीन आठवडे टिकलेले, चारांचे दीड आठवडा, आणि सहाच्या पुढे गेलेले बहुतेक गुरुवार न पाहताच गेलेले. उत्कृष्ट ध्वनीचे नामांकन लाभलेल्या चित्रपटांची अवस्था तर सर्वांत करुण. तिथे प्रेक्षागृह इतके निःशब्द की तो ध्वनी खरोखर उत्कृष्ट ऐकू येत असला पाहिजे. आठ नामांकने असूनही पाच आठवडे चाललेला एकमेव चित्रपट आढळला. मी हर्षाने टुणकन उठलो. चौकशीअंती निष्पन्न झाले की तीन शाळांनी विद्यार्थ्यांना रांगेने आणून बसवले होते, आणि दारे बाहेरून लावलेली होती.

आता सामान्य मनुष्य काय करील? तो वही मिटेल आणि दशरथरावांना तोंडी सांगेल, की हो हो, दुसऱ्या आठवड्यात उचलतात. परंतु मी एकतीस वर्षांत एक आकडा इकडचा तिकडे केलेला नाही. एका मंत्र्यांच्या तालुक्यातल्या कोंबड्या मी पशुगणनेत अर्ध्यावर आणल्या होत्या, हे आपणांस स्मरत असेल, आणि त्यानंतर माझी गडचिरोलीस झालेली बदलीही. तेव्हा मी चौदा पृष्ठांचा अहवाल लिहिला, निष्कर्ष जसा निघाला तसा तेराव्या पृष्ठावर नमूद केला, चौदाव्यावर स्वाक्षरी केली, स्पायरल बाइंडिंग करून घेतले आणि त्याच सायंकाळी दशरथरावांच्या हाती दिला. माझी अशी धारणा होती की अहवाल कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. ती धारणा एकतीस वर्षांच्या अनुभवावर आधारलेली होती.

त्यांनी शेवटूनच वाचायला घेतला. वाचून झाल्यावर चष्मा काढून माझ्याकडे पाहत राहिले. “साहेब, एवढा अभ्यास तर आमच्या मालकानं जन्मात नाय केला. पन तुमी पोरीचे वडीलच ना?” मी होकार दिला. “सख्खे?” पुन्हा होकार दिला. त्यांनी अहवाल मालकांना धाडला. मालक अतिशय प्रभावित झाले. इतके, की त्यांनी त्याची छायाचित्रे उपनगरांतील चित्रपटगृहचालकांच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकली. बुधवारी सकाळी घाटकोपरचा खेळ रद्द झाला. दुपारपर्यंत अंधेरीचा गेला. जोगेश्वरीच्या चालकांनी तर रेवतीच्या वितरकाला माझा तक्ता क्रमांक चार दाखवून विचारले म्हणे, की यावर तुमचे काय म्हणणे आहे. मुलुंडचा खेळ दशरथरावांनी केवळ संकोचापोटी राखला. परंतु साडेसहाऐवजी सकाळी सव्वाअकरा, आणि तोही येत्या रविवारपर्यंतच. रविवारी निम्मा हॉल भरला तर पुढला आठवडा आणि सायंकाळची वेळ परत; न भरल्यास चित्रपट उतरला. माझ्या समग्र सेवाकालात माझ्या एखाद्या अहवालावर तत्काळ कार्यवाही झाल्याचे हे पहिलेच उदाहरण होय.

वसुधेला हे सांगणे भाग पडले. तिने पोळी तव्यावर तशीच ठेवली. “अहो, मुलगी कुणाची? ती त्या थिएटरवाल्याची आहे का? चार वर्षं ती पोर उन्हातान्हात माहुलच्या चिखलात उभी राहिली, आणि तुम्ही तिची वाट लावायला स्पायरल करून घेतलंत!” पोळी करपली, ती मला वाढण्यात आली, आणि मी ती न्याय्य शिक्षा म्हणून भक्षण केली. रेवतीला मात्र कारण ठाऊक नाही. काल ती फलक बघून आली, चपला काढता काढता म्हणाली, “बाबा, सकाळचा केलाय शो. कुणी काही बोललं असेल का त्यांना?” मी म्हणालो, “चौकशी करतो.” शासनात याचा जो अर्थ होतो तोच इथेही होता. ती “बरं” म्हणाली आणि आत जाऊन दार लोटून बसली. मी एकूण तीन वेळा त्या दारापर्यंत गेलो आणि तिन्ही वेळा पाणी पिऊन परत आलो.

असो. थकलो आहे, दादा. आकडे खोटे नव्हते, याचे समाधान वाटेल असे वाटले होते. ते अद्याप वाटलेले नाही. वहिनींना नमस्कार सांगावा, आपल्या दोन्ही (किंवा यथास्थिती एका) नेत्रांची काळजी घ्यावी, थेंब वेळेवर घालावेत.

आपला आज्ञाधारक आणि सांप्रत स्वगृही फारशी प्रतिष्ठा न उरलेला,
देवव्रत

ता. क. १ : संघाची एकोणपन्नास आसनांची बस येत्या रविवारी सकाळी वज्रेश्वरीच्या गरम कुंडांस निघणार असल्याचे वहिनी सहज बोलल्या. गरम पाणी आपणांस शस्त्रक्रियेनंतर वर्ज्यच असणार. पवईमार्गे मुलुंड दीड तासाच्या आत येते. चित्रपटगृह वातानुकूलित असून स्वच्छतागृह दाराशेजारी आहे (ही माहिती मी मोजमाप करून देत आहे, बावीस पावले). वसुधा सर्वांसाठी साबुदाणा वडे करील. बेचाळीस जण मी इकडे जमवले आहेत, त्यात साडू दोनदा धरलेला नाही. एक्केचाळीस आणि एकोणपन्नास मिळून नव्वद, म्हणजे बरोब्बर निम्मा हॉल. (बेचाळीसचे एक्केचाळीस झाले, कारण हर्षद आत्ताच जिन्यात भेटला.) दादा, अध्यक्ष तू आहेस. बस तुझ्या शब्दावर वळेल. वळव रे.

ता. क. २ : अहवालाचे रेवतीस काही कळता कामा नये. तिला वाटू दे की संघाला चित्रपट पाहण्याची आपणहून इच्छा झाली. सदस्यांना तसे पढवून ठेवावे.

ता. क. ३ : हस्तलिखित पत्राची छायाचित्रे काढून धाडण्याची विद्या मला अवगत नाही. ते काम नेहमीप्रमाणे रेवतीकडे सोपवत आहे. चिंता नसावी. आपल्या घराण्यात दुसऱ्याचे पत्र वाचण्याची पद्धत नाही.

*

नंदूकाका, मी रेवती. पाचही पानांचे फोटो नीट आलेत ना बघा, तिसरं जरा हललंय.

तो अहवाल दशरथकाकांनी मला कालच दाखवला. लपवत होते बिचारे, मीच ओढून घेतला. चौदाही पानं वाचली. तक्ता तीनमध्ये बेरीज चुकलीय. त्यानं काही फरक पडत नाही, पिक्चर पडलेत ते पडलेलेच आहेत. पण बाबांना सांगू नका हं, जेवणार नाहीत.

बस आली तर झकासच. नाही वळली तर तुम्ही एकटे या. कारण काय सांगू, बाबा शुक्रवारपासून रोज येतात आणि रोज दारात उभे राहून डोकी मोजतात. एकदाही आत बसलेले नाहीत. विचारलं तर म्हणतात, मोजणाऱ्याने मोजल्या जाणाऱ्यांत मिसळू नये. म्हणजे तो सुटा भाग येतो की नाही हे त्यांना अजून खरंच माहीत नाहीये. माझं ऐकत नाहीत, आईचं तर नाहीच. तुम्ही मोठे आहात. रविवारी हाताला धरून आत न्या आणि मधल्या रांगेत बसवा. मोजायला मी उभी राहते.

आणि उत्तर मला नको, त्यांनाच पाठवा. मी काही वाचलेलं नाही.