कडीची बातमी झाली नाही

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या अध्यक्षांचं लफडं गाजलं, तेव्हा पत्रकार मैत्रीण सुनीता मला म्हणाली, "रेक्टर आहेस, आता तरी बोल की. मुलींचे हाल लोकांना कळतील." मी कॅमेऱ्यासमोर बोलले. न्हाणीघराला कडी नाही, एकीला दाराशी उभं करून दुसरी अंघोळ करते, सगळं रडत रडत सांगितलं. आज टीव्हीवर नुसते अध्यक्षांचे फोटो आणि माझं रडणं. कडीबद्दल अवाक्षर नाही. सुनीताला फोन केला, तर म्हणते, "कडी कोण बघतंय गं?" मग मला बोलतं कशाला केलंस?

मघाशी नेसरीहून शबानाचे वडील आले. "जागा बदनाम झाली की, मॅडम. पोरीला घेऊन जातो." मी अडवू तरी कशी? शबाना रिक्षात बसली. दहावीचं वर्ष आहे तिचं.