चॅपेलमधला हवालदार

सोमवार, ३ मार्च

सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. वेळ मुद्दाम लिहिते. वेळ नसली की ती तक्रार राहत नाही, कुरकुर होते.

दंतवैद्याकडून परत येत होते, डावा गाल बधिर. आमच्या शाळेच्या चॅपेलचं दार सताड उघडं दिसलं. कित्येक वर्षं कुलूप होतं, म्हणून आत डोकावले. बाक गेले. वेदी गेली. वेदीमागच्या उंच भिंतीवर लाल, पिवळ्या, हिरव्या प्लॅस्टिकच्या खुंट्या, कुणीतरी चघळून चिकटवल्यासारख्या. त्या खुंट्यांना धरून, कमरेला दोर बांधलेली माणसं पालींसारखी भिंतीला चिकटलेली. आणि गाणी चालू. चॅपेलमध्ये!

वर पाहिलं. हवालदार मात्र जागेवर होता.

हवालदार म्हणजे भिंतीच्या अगदी टोकाला, कमानीखाली रंगवलेला देवदूत. नाव आम्ही मुलींनी ठेवलेलं. जाड भुवया, नजर थेट खाली. सकाळच्या प्रार्थनेत कुणाची रिबन सुटली, कोण कुजबुजलं, सगळं त्याला दिसायचं. दहा वर्षं रोज सकाळी मी त्याच्या पहाऱ्यात काढली.

केसांचा अंबाडा घातलेला एक तरुण पुढे आला. मालक तोच. "काकू, भिंत चढून बघा. पहिला दिवस फुकट आहे."

"मी तुझी काकू नाही," म्हणाले. गाल बधिर असल्यामुळे ते "काकू नाई" असं लाडात आल्यासारखं ऐकू आलं. तो हसला.

हवालदाराकडे बोट दाखवलं. "तो? वीस तारखेला रंगारी येतोय. पांढरा करणार. आमच्याकडे सगळ्या धर्मांचे लोक येतात, काही न मानणारेही येतात. कुणाला अवघडल्यासारखं नको."

मला अवघडल्यासारखं झालं, त्याचं काय?

मंगळवार, ४ मार्च

लेक म्हणाली, "आई, तू तर देव मानत नाहीस."

खरं आहे. नववीत सिस्टरना विचारलं होतं, देवाने सगळं केलं तर देवाला कुणी केलं? त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं. मी तेव्हापासून बाहेरच. नंतर कधी आत जावंसंही वाटलं नाही. नवऱ्याच्या आजारपणात शेजारणीने अंगारा, ताईत, काय काय आणून दिलं. आभार मानून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

"मग त्या चित्राचं एवढं काय?"

"देव मानत नाही. हवालदाराला मानते."

"म्हणजे काय?"

मलाही नीट सांगता येईना. म्हणून चिडले. चिडलं की माझं अक्षर चांगलं येतं. लगेच पत्र लिहायला बसले. वीज कंपनीच्या तक्रार विभागात जन्म गेला. पत्र कसं झोपवतात ते मला ठाऊक आहे, कारण मीच झोपवायची. हे पत्र झोपणार नाही. तारीख, वेळ, ठिकाण, मागणी, मुदत. नेऊन त्या अंबाडेवाल्याच्या हातात दिलं, पोच घेतली.

गुरुवार, ६ मार्च

उत्तर आलं. फोनवर. एक हसरा चेहरा आणि जोडलेले हात.

देवदूत पुसायला निघालाय आणि वर हात जोडतोय.

शनिवार, ८ मार्च

आज नकटीकडे गेले. शाळेत एका बाकावर बसायचो. मी देव सोडला आणि ती नन झाली. एकाच वर्गात, एकाच सिस्टरच्या हाताखाली. आता म्हाताऱ्या नन्सच्या घरात राहते, सगळे तिला मदर म्हणतात. मी नकटीच म्हणते. वाफ्यांना पाणी घालत होती.

वाटलं, माझ्यापेक्षा जास्त तीच पेटून उठेल. सगळं सांगितलं. नळी खाली न ठेवता म्हणाली, "माहीत आहे. विक्रीवर सही मीच केली."

"तू?"

"अगं, शेवटच्या वर्षी रविवारी आम्ही चौघी असायचो आणि एक मांजर. त्यातल्या त्यात मांजर नियमित होतं."

"म्हणून विकायचं? तिथे लोक उड्या मारतात, नकटे!"

"मारू देत. मी दारातून बघून आले एकदा. पोरं मान वर करून बघतात. आपण काय करायचो? माना खाली घालून एकमेकींचे बूट मोजायचो."

ननशी वाद घालायला गेले आणि ती माझ्याहून पुढारलेली निघाली.

"आणि हवालदाराला पांढरा रंग मारणार, तो?"

आता मात्र नळी खाली ठेवली. "ते नव्हतं माहीत." म्हणाली, "जन्मभर त्याला घाबरून पहाटे उठले गं. आळस आला की त्या भुवया आठवायच्या. पण त्याला जवळून कुणी पाहिलंच नाही. तेवढी उंच शिडीच नव्हती."

मग शाळेतली नकटी बोलली. "तू जा ना वर. आता सोय आहे."

"माझं वय बघ."

"घाबरलीस म्हण."

रविवार, ९ मार्च

गुडघा दुखतोय. जाणार नाही. घाबरण्याचा काही संबंध नाही.

सोमवार, १० मार्च

गेले.

अंबाड्याने कमरेला आणि मांड्यांना पट्टे आवळले. इतक्या आपुलकीने मला वर्षानुवर्षं कुणी बांधलं नव्हतं. बूट दोन नंबर लहान, म्हणे तसेच असतात. "काकू, उजवा पाय हिरव्यावर. आता डावा हात पिवळ्यावर. भिंतीला मिठी मारू नका, भिंत कुठे जात नाही."

डोक्याएवढ्या उंचीवर गेले आणि जमीन बघितली. खाली आले. पण हसायला येत होतं. कशाला, माहीत नाही. शेजारची एक सडपातळ मुलगी टाळ्या वाजवत होती. तिच्यावर डोळे वटारले, तरी वाजवतच राहिली.

एक गोष्ट टिपून ठेवते. चढण्याआधी अंबाडा दोराला बोटं लावतो आणि ती कपाळाला टेकवतो.

"हे काय?"

"सवय."

"अरे वा. धंद्याला देव नको, दोराला हवा?"

लाजला. म्हणाला, "पडायला होतं ना, काकू." माझी तोफ तिथेच थंडावली. काकू म्हणतो तेही आता चालवून घेते.

गुरुवार, १३ मार्च

केस विंचरायला हात वर जात नाहीत. लेकीने वेणी घातली. म्हणाली, "आई, तू तिकडे आंदोलनाला जातेस की व्यायामाला?"

अर्ध्यापर्यंत पोचले!

शनिवार, १५ मार्च

अर्ध्यावरून घसरले. दोरावर झुलत राहिले, घंटेतल्या लोलकासारखी. मजा आली, पण हे कुणाला सांगायचं नाही.

दुसरं पत्रही दिलं. अंबाडा म्हणाला, "काकू, रंगाऱ्याला आगाऊ सांगून ठेवलंय. आणि खरं सांगू? लोक विचारतात, हे देऊळ आहे का, चर्च आहे का, आम्ही आलो तर चालेल का. कोरी भिंत कुणाला हाकलत नाही."

पोरगा वाईट नाही, हेच वाईट आहे. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

मंगळवार, १८ मार्च

पोचले.

शेवटची खुंटी लाल आहे, ती धरली. तिथून सगळे खाली बघतात, हात हलवतात, उतरतात. मी मान डावीकडे वळवली. हवालदार हातभर अंतरावर.

भुवया म्हणजे नुसते काळे फटकारे. खालून दिसाव्यात म्हणून जाड ओढलेल्या. त्या भुवयांखाली डोळे बारीक केलेले, हसू आवरताना करतात तसे. आणि तोंड! खालून जी घट्ट मिटलेली रेघ दिसायची ती ओठाची सावली. खरं तोंड उघडं आहे. गालाला खळी. पुढचा एक दात पडलेला. सात-आठ वर्षांचं पोर प्रार्थनेच्या वेळी खुदकन हसावं, तसा हसतोय. चित्रकाराला ठाऊक असणार, इथवर कुणी येणार नाही.

मी तिथे लटकून हसत सुटले. खालून हाक आली, "काकू, ठीक आहात ना? छातीत दुखतंय का?"

"ठीक आहे. दोर सोडू नकोस. आणि तू कधी याचं तोंड पाहिलंस का रे?"

"कुणाचं?"

रोज दहा वेळा वर जातो तो. पाहिलं नव्हतं.

मला उतरवून तो गेला. दोराला बोटं, बोटं कपाळाला. बराच वेळ वर थांबला. खाली आला तेव्हा अंबाडा सुटलेला, चेहरा लहान मुलासारखा. लगेच रंगाऱ्याला फोन लावला. "खालचे दरवाजे रंगवू. भिंत राहू दे."

मग मला विचारलं, "लोकांनी विचारलं तर काय सांगू? देव आहे की सजावट?"

"सांग, सगळ्यात जुना मेंबर आहे. फी माफ."

बुधवार, १९ मार्च

नकटीला सांगितलं. चष्मा पडेपर्यंत हसली. मग तो उचलून पुसला. "म्हणजे मी उगाचच घाबरून उठत होते."

"झोपायचीस की."

"मला बघायचाय तो."

खुबा बदललेला, पायऱ्यासुद्धा कठडा धरून चढते. नको म्हणाले. तर म्हणते, "घाबरलीस म्हण."

शनिवार, २२ मार्च

नकटी वर गेली. चढली नाही, ओढली. अंबाड्याने खुर्चीसारखा पट्टा आणि वर कप्पी लावली, चार धट्टीकट्टी पोरं दोराला. झग्यावर पट्टा बसेना, म्हणून माझ्या लेकीची ट्रॅकपँट घातली. गाणी कुणीतरी आपणहून बंद केली. विहिरीतून कळशी यावी तशी नकटी हळूहळू वर गेली, पाय हलवत, खिदळत.

वर पोचली आणि आवाज थांबला. तिने हात लांब करून त्याच्या गालाला लावला. ओठ हलत होते. पोरांचे दंड भरून आले. अंबाडा कुजबुजला, "काकू, त्यांना आवरतं घ्यायला सांगा ना."

"मी नाही सांगणार. फार जुनं बोलणं आहे त्यांचं."

खाली आली तेव्हा नाक लाल, डोळे लकाकत होते. बाहेर पायरीवर बसून दोघींनी चहा घेतला.

"काय बोललीस गं एवढं?"

"मी कुठे, तोच विचारत होता. ती नववीतली, वर्गाबाहेर उभी केलेली, अजून बाहेरच आहे का?"

"थापा मारू नकोस."

"नन्सना थापा मारायला बंदी आहे," म्हणाली, आणि माझी बिस्किटं संपवली.

रविवार, २३ मार्च

प्रति,
ज्यांच्या असण्याबद्दल मला शंका आहे, त्यांस.

विषय : वर्गाबाहेर उभं करण्याबाबत.

नववीत, इतिहासाच्या तासाला, सकाळी साडेअकराच्या सुमारास, एक साधा प्रश्न विचारल्याबद्दल मला बाहेर उभं करण्यात आलं. आत ये असं आजतागायत कुणीही सांगितलेलं नाही. आपला माणूस मात्र इतकी वर्षं वर बसून हसत होता, हेही आम्हाला कळवण्यात आलं नाही. तरी मी आत यावं की कसं, याचा खुलासा ३१ मार्चला संध्याकाळी पाचपूर्वी लेखी करावा. आपण नसाल, तर तसंही लेखी कळवावं.